कायदा तोच, अंमल वेगळा



कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता पेशीच्या पोटातील रसायनांवर बोलणार, हे वाचून आपल्यापैकी काहींनी कार्यक्रमपत्रिका दुसऱ्यांदा वाचली असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचे जे काही शिक्षण झाले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि न समजलेला शब्द समजणाऱ्या माणसाला गाठून विचारण्याच्या संकोचशून्यतेवर. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने आम्हांला बोलता येणार नाही. परंतु एका गोष्टीचा अनुभव आमच्या गाठीशी तीस वर्षांचा आहे, आणि आजचा विषय समजून घेताना तो पुस्तकांइतकाच उपयोगी पडला. तो अनुभव असा, की कायदा छापलेला असणे ही एक गोष्ट आहे आणि कायदा चालू असणे ही दुसरी.

दोन कारखाने शेजारीशेजारी असतात. दोघांनाही एकच कायदा लागू असतो. कलमे तीच, शब्द तेच, स्वल्पविरामसुद्धा तेच. एका कारखान्यात जादा कामाचे दाम दुप्पट मिळतात, पिण्याचे पाणी थंड असते, यंत्राला जाळी बसवलेली असते. दुसऱ्यात यातले काहीच नसते. कायद्याचे पुस्तक तेथेही असते, पण व्यवस्थापकाच्या कपाटात, कुलुपात. अशा वेळी नवखा कार्यकर्ता म्हणतो, 'कायदा बदलला पाहिजे.' मुरलेला कार्यकर्ता विचारतो, 'किल्ली कोणाकडे आहे?'

आपल्या शरीराची अवस्था नेमकी अशी आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचे तेच पुस्तक असते. त्याची अक्षरे चारच, पण मजकूर सुमारे 600 कोटी अक्षरांचा. त्यात प्रथिने कशी घडवावीत हे सांगणारी सुमारे 20 हजार कलमे, म्हणजे जनुके, आहेत. यकृताच्या पेशीत हेच पुस्तक, डोळ्यातील पेशीत हेच, हृदयाच्या स्नायूत हेच. मग यकृत पाहत का नाही, आणि डोळा पित्त का तयार करीत नाही? कारण प्रत्येक पेशीत त्या पुस्तकाची निवडक पाने उघडी असतात आणि बाकीची कुलुपात असतात. कायदा तोच, अंमल वेगळा.

हे कुलूप कसले असते, ते प्रथम पाहू. एका पेशीतील सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर लांबीचा धागा होतो, आणि तो मावायचा असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात. गिरणीत ज्यांनी उमेदवारी केली त्यांना या कोड्याचे उत्तर सांगावे लागणार नाही. एवढा धागा गुंता न होता ठेवायचा, तर तो बॉबिनवर गुंडाळावा लागतो. पेशीही तेच करते. हिस्टोन नावाच्या प्रथिनांचे आठ तुकडे एकत्र येऊन एक बॉबिन बनते. तिच्याभोवती धाग्याची सुमारे 147 अक्षरे पावणेदोन वेढे घेतात, मग थोडा मोकळा धागा, मग पुढची बॉबिन. रॉजर कॉर्नबर्ग यांनी 1974 साली ही रचना मांडली. एका पेशीत अशा सुमारे तीन कोटी बॉबिनी असतात. धागा आणि बॉबिनी मिळून जे द्रव्य होते त्यास क्रोमॅटिन म्हणतात. जेथे गुंडाळी घट्ट, तेथले पान बंद. जेथे सैल, तेथले पान वाचता येते.

आणि घट्ट कोठे, सैल कोठे, हे ठरते शिक्क्यांवरून. हे शिक्के रासायनिक असतात. त्यांपैकी दोन आजच्या कामापुरते लक्षात ठेवू. पहिला मिथिल नावाचा: तो डीएनएच्या सी या अक्षरावरच बसतो, आणि एखाद्या कलमाच्या आरंभी असे शिक्के दाट बसले की ते कलम सहसा बंद पडते. दुसरा ॲसिटिल नावाचा: तो बॉबिनीच्या बाहेर डोकावणाऱ्या शेपटांवर बसतो, तेथली पकड सैल होते आणि ते पान उघडते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ॲसिटिल शिक्क्याचा आणि जनुकांच्या वाचनाचा संबंध 1964 साली सुचवला. त्यानंतर तीस वर्षे बहुतेकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

शिक्के म्हटले की कचेरी आली. या कचेरीत तीन प्रकारचे कारकून असतात, सगळे प्रथिनांचेच. एक शिक्का मारणारे, दुसरे शिक्का पुसणारे, आणि तिसरे शिक्का वाचून त्याप्रमाणे कामाला माणसे बोलावणारे. आमचा आजचा विषय म्हणजे या तिन्ही कारकुनांचे हात धरून ठेवणारी रसायने. शास्त्रात त्यांना निरोधक म्हणतात. ही रसायने पुस्तकातील अक्षर बदलत नाहीत. ती अंमल बदलतात. यांतील काही आज कर्करोगावरची औषधे म्हणून इस्पितळांत वापरली जातात. प्रत्येक प्रकाराचे एकेक उदाहरण घेऊ, म्हणजे आशा किती बाळगावी आणि कोठे थांबावे, हे आपोआप कळेल.

पहिले उदाहरण शिक्का मारणाऱ्याचे. त्याच 1964 साली प्राग शहरात, झेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीच्या संस्थेत, आलोइस पिस्काला आणि फ्रांतिशेक शोर्म या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एक रेणू तयार केला. डीएनए व आरएनए यांच्या सी या अक्षराची ही हुबेहूब नक्कल होती. फक्त कड्यातील पाचव्या जागी कार्बनऐवजी नायट्रोजन बसवला होता. त्याचे नाव ॲझासायटिडिन. उद्देश साधा होता: वेगाने वाढणाऱ्या पेशीला बनावट कच्चा माल द्यावा, म्हणजे तिचे उत्पादन बिघडेल. उंदरांच्या रक्तकर्करोगावर परिणाम दिसला. पुढे माणसांना तो मोठ्या मात्रेत दिला गेला, तेव्हा विषबाधा इतकी होई की औषध म्हणून त्याचे भवितव्य संपल्यासारखेच झाले. शोर्म यांच्याविषयी एक वाक्य येथे सांगितलेच पाहिजे. ते अकादमीचे अध्यक्ष होते, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. 1968 साली परकी फौजा देशात घुसल्या तेव्हा त्यांनी निषेध केला आणि त्यापायी त्यांना पदे सोडावी लागली.

रेणूचे खरे गुपित उघडले ते भलत्याच ठिकाणी. पीटर जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भाच्या साध्या पेशींना ॲझासायटिडिनची थोडी मात्रा दिली. काही दिवसांनी त्या पेशींतून चक्क स्नायू तयार झाले आणि काचेच्या बशीत फडफडू लागले. हे 1977 साली प्रसिद्ध झाले. पेशीच्या पुस्तकात कोणी नवे कलम लिहिले नव्हते. स्नायूचे कलम आधीपासूनच तेथे होते, कुलुपात होते. 1980 साली जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवले, की या रेणूमुळे डीएनएवरील मिथिल शिक्के कमी होतात.

हे घडते कसे? पेशीचे विभाजन होताना पुस्तकाची नवी प्रत निघते. जुन्या प्रतीवरचे शिक्के पाहून नव्या प्रतीवर त्याच जागी शिक्के उमटवणारा एक कारकून असतो. नव्या प्रतीत बनावट सी बसलेला असला की हा कारकून नेहमीप्रमाणे शिक्का मारायला जातो आणि त्याचा हात तेथेच चिकटतो. पाचव्या जागी नायट्रोजन असल्यामुळे त्याला सुटता येत नाही. अडकलेल्या कारकुनाला पेशी मोडीत काढते. असे कारकून कमी होत गेले, की प्रत्येक विभाजनाबरोबर शिक्के विरळ होत जातात आणि बंद पाने किलकिली होतात. मात्र मात्रा थोडी असली पाहिजे. जास्त झाली तर पेशी मरतात, आणि त्यांत चांगल्या पेशीही असतात. जुन्या काळी जेथे अपयश आले, तेथे कमी मात्रेने वाट सापडली.

ज्या आजारावर हे औषध प्रामुख्याने देतात त्याचे नाव मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. यात अस्थिमज्जा, म्हणजे हाडाच्या पोकळीतला रक्ताचा कारखाना, कच्चा माल काढू लागतो. पेशी जन्मतात पण पिकत नाहीत. रक्त कमी पडते, ताप हटत नाही, जरासे लागले तरी रक्त थांबत नाही, आणि काही रुग्णांत पुढे तीव्र रक्तकर्करोग होतो. या रुग्णांच्या पेशींत अक्षरांच्याही चुका असतात, आणि गंमत अशी, की त्यांतील बऱ्याचशा चुका शिक्का मारणाऱ्या व पुसणाऱ्या कारकुनांच्याच कलमांत असतात. टेट टू आणि डीएनएमटी थ्री ए ही त्यांतील दोन कलमे. म्हणजे मूळ पुस्तकात चूक झाली ती नेमकी अंमलदारांच्या नेमणुकीच्या पानावर.

या आजारावर ॲझासायटिडिनला अमेरिकेत 2004 साली मान्यता मिळाली. मागाहून 358 रुग्णांवर झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा निकाल असा: नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण 15 महिन्यांहून अधिक जगले, हे औषध घेणाऱ्यांपैकी निम्मे साडेचोवीस महिन्यांहून अधिक जगले. साडेनऊ महिने! तराजूच्या एका पारड्यात हे थोडे वाटेल. ज्याच्या घरी मुलीचे लग्न ठरलेले आहे त्याला विचारा, हे किती असते.

आम्ही हे हवेत बोलत नाही. आमच्या संघटनेत पादत्राणांच्या एका कारखान्यातला सभासद होता. बावीस वर्षे तो तळ चिकटवायच्या टेबलावर बसला. त्या चिकट द्रव्याला कामगार 'सोल्यूशन' म्हणतात. डबा उघडला की डोके जड होई. डब्यावर आत काय आहे याची चिठ्ठी नसे. पन्नाशीच्या आतच त्याला हा आजार झाला. दर महिन्याला सात दिवस पोटावर इंजेक्शन, मग तीन आठवडे विश्रांती, असे चक्र सुरू झाले. चौथ्या चक्रानंतर रक्त चढवण्याच्या पाळ्या विरळ झाल्या, तो पायी इस्पितळात जाऊ लागला. एकदा त्याने आम्हांला विचारले, "भाऊ, ह्या सुईनं रोग जातो की नुसता पुढं ढकलला जातो?" आम्ही त्याला खरे ते सांगितले: पुढे ढकलला जातो, आणि सुई थांबली की शिक्के हळूहळू परत बसतात. तो म्हणाला, "मंग तारीखच मिळाली म्हणायची." कामगार न्यायालयात ज्याने पंधरा वर्षे तारखा मोजल्या, त्यालाच हे वाक्य सुचावे. त्याला अशा दीड वर्षाच्या तारखा मिळाल्या.

दुसरे उदाहरण शिक्का पुसणाऱ्याचे. बॉबिनीवरचा ॲसिटिल शिक्का पुसून पान पुन्हा बंद करणारी जी प्रथिने, त्यांना हिस्टोन डीॲसिटिलेझ म्हणतात. त्यांच्या निरोधकाची कथा सुरू होते 1971 साली, न्यूयॉर्कमध्ये. शार्लट फ्रेंड या संशोधिकेने उंदरांच्या रक्तकर्करोगाच्या पेशींत डीएमएसओ नावाचा एक साधा द्रावक मिसळला. त्या उनाड पेशी शहाण्या झाल्या. पिकून त्यांनी हिमोग्लोबिन तयार केले. कर्करोगाची पेशी मारल्याशिवाय दुसरा उपाय नाही, असे मानण्याचा तो काळ होता. येथे तिला मारण्याऐवजी वाढवून मोठे करता येते असे दिसले. पॉल मार्क्स हे वैद्य आणि रॉनल्ड ब्रेस्लो हे रसायनशास्त्रज्ञ या धाग्याला धरून बसले. डीएमएसओपेक्षा अधिक जोरकस रेणू शोधत शोधत ते ज्या रेणूपाशी पोचले, त्याला पुढे व्होरिनोस्टॅट हे नाव मिळाले. तो काम करतो हे आधी कळले; तो कोणाचा हात धरतो हे 1998 साली कळले. शिक्का पुसणाऱ्या प्रथिनाच्या कामाच्या खोबणीत जस्ताचा एक अणू बसलेला असतो. त्याच्याशिवाय पुसणे होत नाही. व्होरिनोस्टॅटचे टोक त्या खोबणीत शिरून जस्तालाच धरून ठेवते. 2006 सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेत त्याला त्वचेवर प्रकट होणाऱ्या एका लसिका-कर्करोगासाठी मान्यता मिळाली. फ्रेंड यांच्या प्रयोगापासून औषधाच्या गोळीपर्यंत 35 वर्षे लागली.

आणि फळ किती? एका मुख्य चाचणीत 74 रुग्णांपैकी सुमारे 30 टक्क्यांना गुण आला. म्हणजे दहांपैकी सातांना आला नाही. शिवाय शिक्का पुसणारे कारकून एकाच पानावर काम करीत नाहीत. त्यांचा हात धरला की हवी ती पाने उघडतात आणि नको तीही. थकवा येतो, अन्नावरची वासना जाते, रक्तबिंबिका कमी होतात. सगळ्या कचेरीचा संप घडवून एका टेबलावरची फाईल सोडवण्यासारखा हा प्रकार आहे. संपाचे हत्यार आम्ही वापरले आहे. ते केव्हा वापरावे याचा हिशेब आधी करावा लागतो.

या हिशेबाचा धडा एका जुन्या औषधानेही दिला आहे. व्हॅल्प्रोइक आम्ल हे रसायन 1882 साली प्रथम तयार झाले आणि अनेक वर्षे नुसते द्रावक म्हणून वापरात होते. 1963 साली फ्रान्समध्ये, इतर औषधे विरघळवण्यासाठी ते वापरीत असताना, त्याचा अपस्मारावरचा गुण योगायोगाने लक्षात आला. तेव्हापासून लाखो रुग्णांनी ते घेतले. ते हिस्टोन डीॲसिटिलेझचा हात धरते, हे उघड झाले 2001 साली. गरोदर स्त्रीने ते घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष येण्याची आणि बुद्धीच्या वाढीत अडथळा येण्याची भीती असते. गर्भात तर दर तासाला नवी पाने उघडत आणि मिटत असतात. तेथे शिक्क्यांत ढवळाढवळ होणे किती नाजूक, हे सांगायला नको. ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांनी ते परस्पर बंद करू नये, त्यात फेफऱ्याचा धोका आहे; डॉक्टरांशी बोलावे. आम्ही हे सांगितले ते एवढ्यासाठी, की अंमलात हात घालणारे औषध म्हणजे दुधारी शस्त्र असते.

तिसरे उदाहरण शिक्का वाचणाऱ्याचे, आणि आमच्या मनाला ते सर्वांत अधिक भिडले. ॲसिटिल शिक्का ओळखून त्याला बिलगणारी काही प्रथिने असतात. त्यांच्या अंगी एक खिसा असतो, त्यास ब्रोमोडोमेन म्हणतात. त्या खिशात शिक्का अचूक बसतो. यांपैकी बीआरडी फोर नावाचे प्रथिन एका विरळ आणि अतिशय घातक कर्करोगात दुसऱ्याच एका प्रथिनाला जोडले जाते, कारण पंधराव्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चिकटतात. मग हा वाचणारा भलतीच पाने मोठ्याने वाचू लागतो. बोस्टनच्या डेना-फार्बर संस्थेत जे ब्रॅडनर यांच्या प्रयोगशाळेने, ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या साहाय्याने, त्या खिशात बसणारा रेणू तयार केला. तो ज्यांनी घडवला त्या जुन ची या रसायनशास्त्रज्ञांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ठेवले जेक्यू वन. घडवणाऱ्या हाताचे नाव मालाला मिळाले, असे उदाहरण आम्हांला तरी कारखान्यात पाहायला मिळाले नाही.

पुढचे अधिक महत्त्वाचे. 2010 साली त्यांनी या रेणूची रचना उघड प्रसिद्ध केली आणि जो संशोधक मागेल त्याला नमुना फुकट पाठवला. असा शोध सहसा कुलुपात ठेवतात. औषध कंपन्या तेच करतात. येथे डझनावारी प्रयोगशाळांत तो रेणू पोचला. वर्षभरातच दिसून आले, की अस्थिमज्जेच्या दुसऱ्या एका कर्करोगात, मायलोमात, हा रेणू मिक नावाच्या कुप्रसिद्ध जनुकाचा आवाज खाली आणतो. मिकवर थेट औषध करता येत नाही म्हणून शास्त्रज्ञ हताश झाले होते. जेक्यू वन स्वतः औषध झाला नाही. तो शरीरात फार वेळ टिकत नाही. आणि त्याच्या वाटेने निघालेल्या पुढच्या रेणूंनी रक्तबिंबिका कमी होण्याचा त्रास दिला. परंतु वाट सर्वांना दिसली, कारण ज्याला दिवा सापडला त्याने तो टोपलीखाली झाकला नाही.

श्रोतेहो, येथे मालकीचा प्रश्न येतो. तो आम्ही मुद्दाम ओढून आणलेला नाही. तो या रसायनांच्या जन्मपत्रिकेतच आहे. ॲझासायटिडिन जन्मले सार्वजनिक संस्थेत. त्याचे कार्य उलगडले ते विद्यापीठांतील प्रयोगशाळांत. 191 रुग्णांवरची जी चाचणी 2002 साली प्रसिद्ध झाली, ती अमेरिकी करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनसंघाने केली. रेणू चाळीस वर्षांचा जुना. तरीसुद्धा विरळ आजारांच्या औषधांसाठी अमेरिकेने 1983 साली केलेल्या कायद्याच्या आधाराने, 2004 पासून सात वर्षे ते विकण्याचा एकाधिकार एका कंपनीला मिळाला. कंपनीने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. औषध शुद्ध करणे, कुपीत भरणे, सरकारदरबारी कागद पुरवणे यांनाही पैसा लागतो. परंतु ज्या घरात भिंती लोकांनी बांधल्या, छप्पर लोकांनी घातले, त्या घराला रंग दिला म्हणून साऱ्या घराचे भाडे मागावे, हा हिशेब कोणत्याही कामगाराला पटणार नाही. तो एकाधिकार संपल्यावर, 2013 साली, या औषधाची पहिली पर्यायी आवृत्ती अमेरिकेच्या बाजारात आणली ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीज या कंपनीने. आमच्या सभासदाला जी सुई मिळाली तीही अशाच देशी कुपीतली होती. नाही तर त्याला ती तारीखसुद्धा मिळाली नसती.

आता शेवटचा मुद्दा. आमच्या मते तोच पहिला असायला हवा. त्या सभासदाचा आजार सोल्यूशनमुळे झाला काय? एका माणसाकडे पाहून याचे उत्तर कोणताही प्रामाणिक डॉक्टर देऊ शकत नाही. आमच्या सभासदाच्या डॉक्टरांनीही दिले नाही. मालकपक्ष नेहमी या फटीतून निसटतो. परंतु जे एका माणसाकडे पाहून कळत नाही, ते हजारांची नोंद ठेवली तर कळते. इस्तंबूलमध्ये मुझफ्फर अक्सॉय या वैद्यांनी तेच केले. तेथील पादत्राण-कामगार बेंझिन असलेले चिकटद्रव्य वापरीत. 1974 साली अक्सॉय यांनी प्रसिद्ध केले, की 28,500 कामगारांत तीव्र रक्तकर्करोगाचे किंवा त्याच्या पूर्वावस्थेचे 26 रुग्ण आढळले. वर्षाला लाखात 13 असे ते प्रमाण पडले, सामान्य जनतेत ते लाखात 6 होते. दुपटीहून अधिक! आज ज्या आजाराला आपण मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम म्हणतो, तो त्या 'पूर्वावस्थे'तच येतो.

हे आकडे हाती असूनही कायदा हलायला किती वेळ लागतो, तेही ऐका. अमेरिकेत कामाच्या जागी हवेत दहा लाख भागांत 10 भाग बेंझिन चालत असे. 1978 साली सरकारने ते 1 भागावर आणण्याचे ठरवले. तेलकंपन्यांची संघटना न्यायालयात गेली. कामगारांची मध्यवर्ती संघटना सरकारच्या बाजूने लढली. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, नवा नियम रद्द केला. धोका पुरेसा मोठा असल्याचे सरकारने आधी सिद्ध करावे, असे सांगितले. तोच 1 भाग पुन्हा कायद्यात आला 1987 साली. मधली नऊ वर्षे लाखो माणसे जुन्याच हवेत श्वास घेत होती. याच काळात दुसऱ्या टोकाला जोन्स आणि टेलर बशीतल्या पेशींवरचे शिक्के मोजत होते. एका दालनात आजारावरच्या औषधाचे गुपित उलगडत होते, आणि दुसऱ्या दालनात आजाराचे कारण हटवण्यावर वाद चालला होता. आपल्याकडेही 1948 च्या कारखाना कायद्यात बेंझिनची विषबाधा हा कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला होता. पुस्तकात होता. कुलूप कोठे होते, हे आपण जाणता.

तेव्हा या औषधांविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे. ही औषधे खोटी नाहीत आणि जादूचीही नाहीत. पेशीची दुरवस्था नेहमी विधिलिखित नसते, काही वेळा ती बिघडलेल्या अंमलाची असते आणि अंमल सुधारता येतो, हा त्यांनी दिलेला धडा फार मोठा आहे. उद्या कोणी बाजारात 'जनुके जागवणारे चूर्ण' विकायला आले, तर त्याला विचारा: कोणत्या कारकुनाचा हात धरतोस, किती रुग्णांवर पाहिलेस, आणि किती जणांना गुण आला नाही? ज्यांनी खरे काम केले त्यांनी दहांपैकी सातांचे अपयशही छापले आहे. खऱ्याची ओळख तेथे पटते.

आणि ज्यांच्या घरचे कोणी रबर, रंग, चामडे किंवा चिकटद्रव्य यांच्या कारखान्यात आहे, त्यांनी तीन गोष्टी मागाव्यात. डब्यावर आतल्या मालाची चिठ्ठी असावी. कामाच्या जागची हवा मोजून आकडा फलकावर लावावा. आणि दरवर्षी रक्त तपासून त्याचा कागद कामगाराच्या हाती द्यावा, कचेरीच्या फायलीत नव्हे. पांढऱ्या पेशी कमी होऊ लागल्या की तो कागद आधी बोलतो. माणूस नंतर आजारी पडतो. यासाठी नवा रेणू शोधावा लागत नाही. फक्त किल्ली कोणाकडे आहे ते विचारावे लागते, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलायचे नसते.